आग विझल्यानंतरची जबाबदारी





९ जानेवारी २०२१ ची रात्र भंडारा जिल्हा विसरू शकत नाही. मध्यरात्र उलटून गेल्यावर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू अतिदक्षता कक्षात आग लागली. त्या वेळी तेथे सतरा बालके उपचार घेत होती. कर्तव्यावर असलेल्या परिचारिकेने दार उघडले तेव्हा कक्षात धूर कोंडलेला होता. सात बाळांना बाहेर काढता आले. दहा बाळे दगावली. तीन बाळांचा मृत्यू भाजल्यामुळे आणि सात बाळांचा धुरात गुदमरून झाला, असे त्या वेळी शासनाकडून सांगण्यात आले. कोणी काही दिवसांचे होते, कोणी दोन-तीन महिन्यांचे. कक्षाच्या ज्या भागात ही दहा बाळे होती, तेथे अन्यत्र जन्मून पुढील उपचारांसाठी आणलेली बालके ठेवली जात. म्हणजेच कोणा आईबापांनी मोठ्या विश्वासाने त्यांना तेथे आणले होते आणि ते स्वतः दाराबाहेर थांबले होते.

ती बाळे जगली असती तर आज शाळेच्या उंबरठ्यावर असती. दर जानेवारीत त्यांची आठवण निघते. वर्तमानपत्रात चार ओळी येतात, कोठे मेणबत्त्या लावल्या जातात, मोबाइलवर शोकसंदेश फिरतात आणि दुसऱ्या दिवशी सर्व काही पूर्ववत होते. आजच्या या धड्यात आपण स्वतःला एकच प्रश्न विचारणार आहोत: दुर्घटनेत गेलेल्यांचा सन्मान करण्याची इस्लामने शिकवलेली पद्धत कोणती? कुरआन आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांचे जीवन समोर ठेवून पाहिले, तर उत्तर स्पष्ट मिळते. दुःख करावे, धीर धरावा, दुःखितांना सांभाळावे आणि मागे राहिलेल्या जीवांच्या रक्षणासाठी आपला वेळ, आपले श्रम व आपले ज्ञान खर्च करावे. यालाच आपण खिदमत-ए-खल्क, म्हणजे अल्लाहच्या निर्मितीची सेवा, म्हणतो.

अश्रूंना इस्लाममध्ये जागा आहे

सेवेचा विचार करण्यापूर्वी दुःखाविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. काही लोकांची अशी समजूत असते की, सब्र म्हणजे रडू आवरणे. प्रेषितांचे (स.) लहानगे पुत्र हजरत इब्राहीम यांनी त्यांच्या डोळ्यांसमोर अखेरचा श्वास घेतला, तेव्हा प्रेषितांच्या (स.) डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. जवळच असलेल्या हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आश्चर्य वाटले. त्यावर प्रेषितांनी (स.) सांगितले की, ही दया आहे. डोळे पाझरतात, हृदय व्यथित होते, मात्र जिभेवर तेच यावे जे आपल्या पालनकर्त्याला पसंत आहे. ही घटना सहीह बुखारीत आली आहे.

म्हणून ज्या माता-पित्यांनी बाळ गमावले, त्यांना ‘रडू नका’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. सूरह अल-बकराच्या आयत १५५ ते १५७ मध्ये भय, उपासमार, संपत्तीची व जीविताची हानी यांची कसोटी येणार, हे आधीच सांगितले आहे आणि धैर्यवानांना शुभवार्ता दिली आहे. धैर्य म्हणजे दुःखाच्या भरातही अल्लाहवरील विश्वास आणि आपले कर्तव्य न सोडणे.

‘ती बाळे आपल्या समाजाची नव्हती’

काही वाचकांच्या मनात आणखी एक प्रश्न येईल. तो उघडपणे कोणी विचारत नाही, तथापि मनात असतो. मृत बाळे ज्या घरांतील होती, ती घरे आपल्या समाजाची नव्हती. मग आपण काय करणार?

सहीह बुखारीत आले आहे की, एकदा प्रेषितांच्या (स.) समोरून एक अंत्ययात्रा गेली आणि ते उभे राहिले. सोबत्यांनी सांगितले की, मृत व्यक्ती यहुदी होती. प्रेषितांनी (स.) उलट विचारले, तो एक जीव नव्हता काय? या एका प्रश्नात आपल्या शंकेचे उत्तर आहे. मृत्यूसमोर उभे राहताना प्रेषितांनी (स.) मृताचा धर्म विचारला नाही.

लहान बाळांच्या बाबतीत तर इस्लामची शिकवण अधिकच कोमल आहे. प्रत्येक मूल फितरतवर, म्हणजे अल्लाहने दिलेल्या मूळ निर्मळ स्वभावावर जन्मते, असे हदीसमध्ये आहे. प्रेषितांनी (स.) आपल्या एका स्वप्नाचे वर्णन केले होते. त्यात एका हिरव्यागार बागेत हजरत इब्राहीम (अ.स.) होते आणि त्यांच्याभोवती पुष्कळ बालके होती. फितरतवर मरण पावलेली ती मुले होती. सोबत्यांनी विचारले, अनेकेश्वरवाद्यांची मुलेसुद्धा? प्रेषितांनी (स.) होकार दिला. हजरत समुरा बिन जुन्दुब (रजि.) यांची ही हदीस सहीह बुखारीत आहे.

बंधू-भगिनींनो, त्या दहा बाळांना आपल्या पुण्याची गरज नाही, कारण ती निष्पाप होती. गरज आहे ती त्यांच्या मागे राहिलेल्यांना आणि उद्या त्याच कक्षात जन्म-मृत्यूच्या सीमेवर झुंजणाऱ्या दुसऱ्या बाळांना. सूरह अल-माइदाच्या ३२ व्या आयतमध्ये एका जीवाला वाचविणे हे साऱ्या मानवजातीला वाचविण्यासारखे असल्याचे सांगितले आहे. त्या आयतमध्ये जीव कोणाचा, कोणत्या जातीचा वा धर्माचा, अशी अट घातलेली नाही.

मदीनेतील जळालेले घर

आता या धड्याच्या मध्यवर्ती हदीसकडे वळू या. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) सांगतात की, मदीनेत एका रात्री एक घर आतील माणसांसह जळाले. प्रेषितांना (स.) ही बातमी देण्यात आली, तेव्हा त्यांनी सांगितले की, ही आग तुमची शत्रू आहे, म्हणून झोपताना ती विझवून टाकत जा. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे. हजरत जाबिर (रजि.) यांच्या हदीसमध्ये याची आणखी फोड केलेली आहे. रात्री दिवे विझवा, कारण एखादा उंदीर दिव्याची वात ओढून नेतो आणि घरच्या माणसांना जाळून टाकतो.

या शिकवणीवर क्षणभर थांबून विचार करा. दुर्घटनेची वार्ता आली, तेव्हा प्रेषितांनी (स.) कारणाचा शोध घेतला. उंदीर आणि वात, इतक्या बारीक तपशिलापर्यंत धोका समजावून सांगितला. प्रत्येक घराने रोज रात्री करावयाची एक साधी कृती ठरवून दिली. एका घराच्या दुःखातून त्यांनी साऱ्या उम्मतच्या सुरक्षिततेचा धडा काढला. चौदाशे वर्षांपूर्वी जळालेल्या त्या घरातील माणसांची नावे आपल्यापर्यंत पोहोचली नाहीत, तरी त्यांच्यामुळे मिळालेली शिकवण आजही घराघरांत जीव वाचवू शकते.

आपल्या महाराष्ट्रातही अशा स्मरणाचे एक उदाहरण आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर प्रचंड स्फोट झाला. आग विझविताना अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात आणि २० एप्रिलपर्यंतच्या सप्ताहात नागरिकांना आगीपासून बचावाचे शिक्षण दिले जाते. म्हणजे ज्या कामासाठी त्यांनी प्राण दिले, तेच काम त्यांच्या नावाने पुढे चालते.

‘तकदीर’ हे निष्क्रियतेचे कारण नव्हे

अशा घटनांनंतर पुष्कळ घरांत एक वाक्य ऐकू येते: ‘अल्लाहची मर्जी होती.’ हे वाक्य सत्य आहे, परंतु त्याचा वापर चुकीच्या ठिकाणी होतो. मृत्यूची वेळ अल्लाहच्या हाती आहे, यावर आपला ईमान आहे. दुःखी मनाला त्यातून आधार मिळतो. मात्र याच विश्वासाच्या आड दडून आपण कर्तव्य टाळू लागलो, तर तो ईमानचा गैरवापर ठरतो.

हजरत उमर (रजि.) शाम प्रदेशाकडे निघाले असता तेथे महामारी पसरल्याचे वाटेत कळले. सल्लामसलतीनंतर त्यांनी माघारी फिरण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, आपण अल्लाहच्या तकदीरपासून पळता आहात काय? हजरत उमर (रजि.) यांनी उत्तर दिले की, होय, आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची प्रेषितांची (स.) शिकवण आपण सर्वांनीच ऐकली आहे. आजच्या भाषेत ती उतरवायची तर विजेची जुनी वायर बदला आणि मग भरवसा ठेवा.

याच्या उलट दुसरी चूकही घडते. सगळा दोष शासनावर टाकायचा आणि आपण हात झटकायचे. येथे समतोल राखला पाहिजे. ज्यांच्यावर जबाबदारी सोपविली आहे, त्यांना तिचा जाब द्यावा लागतो. प्रेषितांनी (स.) प्रत्येकाला राखणदार म्हटले आहे आणि प्रत्येकाला त्याच्या राखणीविषयी विचारले जाईल, असेही बजावले आहे. सूरह अन-निसाच्या १३५ व्या आयतमध्ये न्यायाच्या बाजूने ठामपणे उभे राहण्याची आज्ञा आहे. भंडाऱ्याच्या घटनेनंतर राज्यातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. तरीही त्याच वर्षी विरारच्या एका रुग्णालयात २३ एप्रिलला आणि अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात ६ नोव्हेंबरला अतिदक्षता विभागात आग लागून रुग्ण दगावले. तेव्हा प्रश्न विचारणे, अर्ज देणे, तपासणीचा आग्रह धरणे हे नागरिकाचे कर्तव्यच आहे. आपल्या स्वयंसेवेमुळे कोणाची जबाबदारी माफ होत नाही. परंतु दुसऱ्याने कर्तव्य केले नाही, म्हणून आपले कर्तव्यही संपत नाही.

प्रेषितांनी (स.) शोकग्रस्त घर कसे सांभाळले?

हिजरी सन ८ मध्ये मूताच्या युद्धात हजरत जअफर बिन अबी तालिब (रजि.) शहीद झाले. ते प्रेषितांचे (स.) चुलत बंधू होते. बातमी आली, तेव्हा प्रेषितांनी (स.) आपल्या घरच्यांना सांगितले की, जअफरच्या कुटुंबासाठी अन्न शिजवा, कारण त्यांच्यावर असे संकट आले आहे की त्यांना दुसरे काही सुचणार नाही. त्यानंतर तीन दिवस त्यांनी घरच्यांना शोक करू दिला. मग ते स्वतः त्या घरी गेले, हजरत जअफर (रजि.) यांच्या लहान मुलांना जवळ बोलावले, केस कापणाऱ्याला बोलावून त्यांचे केस काढविले आणि आपण या मुलांचे पालक असल्याचे त्यांच्या आईला सांगितले.

या घटनेत सेवेचा पूर्ण क्रम आहे. पहिल्या दिवशी जेवण, काही दिवस शांत सोबत आणि पुढे दीर्घकाळचा आधार. आपल्याकडे पहिल्या दिवशी गर्दी होते. चाळिसाव्या दिवशी दारात कोणी नसते. खरी गरज तेव्हाच सुरू झालेली असते. मजुरी बुडालेली असते, कागदपत्रे अपुरी असतात, मोठी भावंडे शाळेत जायला तयार नसतात आणि आई कोणाशी बोलत नाही.

केस कापण्यासारखी लहानशी गोष्टही प्रेषितांनी (स.) हलकी मानली नाही. सूरह अल-माऊन आठवा. त्या लहानशा सूरहमध्ये अनाथाला धक्के मारणाऱ्यांसोबतच नमाजींच्या एका प्रकाराचा धिक्कार आहे, जे दाखविण्यासाठी नमाज पढतात आणि नित्य वापरातील साध्या वस्तूदेखील कोणाला देत नाहीत. नमाज आणि शेजाऱ्याला दिलेली बादली, या दोन गोष्टी कुरआनने एकाच ठिकाणी आणल्या आहेत.

हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांची आई वारली, तेव्हा ते प्रेषितांकडे (स.) गेले आणि आईच्या वतीने कोणते दान उत्तम ठरेल, असे त्यांनी विचारले. प्रेषितांनी (स.) पाणी सांगितले. हजरत सअद (रजि.) यांनी विहीर खोदविली आणि ती आईच्या नावे केली. दुःख असे लोकांच्या उपयोगी पडले. ही सुनन अबू दाऊदमधील हदीस आहे. मरणानंतरही ज्याचे पुण्य सुरू राहते, त्या सदका-ए-जारियाचा हाच अर्थ आहे.

भंडारा जिल्ह्यात आपण काय करू शकतो?

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. वैनगंगेच्या काठचा हा धानाचा जिल्हा. भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर असे याचे सात तालुके. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेच्या पुराने घरे पाण्यात गेली. त्यानंतर काही महिन्यांतच रुग्णालयाची आग. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतील स्फोटात आठ कामगारांचा मृत्यू झाला. संकटे आपल्या दाराशी येऊन गेली आहेत. पुढचे संकट केव्हा आणि कोणावर येईल, हे केवळ अल्लाह जाणतो. तयारी मात्र आपल्या हाती आहे.

पहिले काम आगीपासून बचावाचे. सुरुवात आपल्याच मशिदीपासून करा. मशिदीतील, मदरशातील आणि शादीखान्यातील विजेची जोडणी जाणत्या वायरमनकडून वर्षातून एकदा तपासून घ्या. एकाच बोर्डावर कूलर, इन्व्हर्टर आणि ध्वनिक्षेपक यांचा भार टाकलेला असतो, तो कमी करा. बाहेर पडण्याच्या दारासमोर चटया, खुर्च्या आणि देगी रचून ठेवू नका. अग्निशामक सिलिंडर बसवा, त्याची मुदत पाहा आणि किमान दहा माणसांना तो वापरायला शिकवा. पद्धत सोपी आहे. पिन ओढावी, नळी ज्वाळांच्या मुळाशी रोखावी, मूठ दाबावी आणि एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फवारा फिरवावा. विजेच्या उपकरणाला आग लागली तर आधी मुख्य स्विच बंद करावा, पाणी टाकू नये. कढईतील तेल पेटले तर गॅस बंद करून झाकण ठेवावे. गॅसची गळती जाणवल्यास कोणतेही बटण दाबू नये, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. भंडाऱ्यात सात बाळे धुरामुळे गेली, हे विसरू नका. धूर वर चढतो, म्हणून धुरातून बाहेर पडताना जमिनीलगत रांगत जावे, हे मुलांना शिकवा. अग्निशमन दलासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटासाठी ११२ हे क्रमांक मशिदीच्या फलकावर ठळक लिहा.

दुसरे काम रक्तदानाचे. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. थॅलेसेमियाच्या बालकांना तर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. रक्त कारखान्यात तयार होत नाही आणि फार काळ साठवूनही ठेवता येत नाही. लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स केवळ पाच दिवस. म्हणून वर्षातून एकदा मोठे शिबिर घेऊन छायाचित्र काढण्यापेक्षा, वर्षभर थोडे थोडे रक्तदाते मिळत राहणे अधिक मोलाचे आहे. १८ ते ६५ वर्षे वयाची, किमान ४५ किलो वजनाची निरोगी व्यक्ती रक्त देऊ शकते. पुरुषांनी दोन रक्तदानांत तीन महिन्यांचे आणि स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवावे. रमजानमध्ये दिवसा दाते मिळत नाहीत. त्या काळात इफ्तारनंतर रक्तदानाची सोय करता येईल का, हे रक्तपेढीशी आधी बोलून ठरवावे. प्रत्येक मोहल्ल्यात रक्तगटांची एक वही असावी आणि ती सांभाळणारा एक तरुण असावा.

तिसरे काम नवजात बाळे आणि त्यांच्या माता यांच्यासाठी. येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. नवजात शिशू कक्षात शिरण्याचा प्रयत्न करू नका. तेथे बाहेरच्या माणसापासून बाळांना जंतुसंसर्गाचा धोका असतो. आपले काम दाराबाहेर आहे. दूरच्या खेड्यातून आलेले नातेवाईक रात्र-रात्र वऱ्हांड्यात बसतात. रुग्णालयाच्या प्रशासनाची परवानगी घेऊन त्यांना गरम जेवण, थंडीच्या दिवसांत पांघरूण, अर्ज भरण्यास मदत आणि घरी परतण्याची सोय करून देता येईल. आपल्या भगिनी गरोदर स्त्रियांना वेळेवर तपासणी, दवाखान्यातील बाळंतपण आणि स्तनपान यांचे महत्त्व सांगू शकतात. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला डॉक्टरांच्या सल्ल्याने आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरल्यास ऊब मिळते आणि त्याची वाढ चांगली होते. बाळ घरी आल्यावर पहिल्या दीड महिन्यात आशा कार्यकर्ती ठरावीक दिवशी भेटीला येते. तिला दारातून परत पाठवू नका आणि शेजारणीलाही पाठवू देऊ नका.

स्त्रियांनी या कामात मागे राहण्याचे कारण नाही. हजरत रुफैदा (रजि.) यांचा तंबू मस्जिद-ए-नबवीच्या आवारात होता आणि तेथे त्या जखमींची शुश्रूषा करीत. खंदकच्या युद्धात जखमी झालेल्या हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांना प्रेषितांच्या (स.) आदेशाने त्यांच्याच तंबूत ठेवण्यात आले होते.

चौथे काम प्रशिक्षणाचे. आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते. जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करून आपल्या तरुणांना प्रथमोपचार, पुरातील बचाव आणि आगीतील बचाव यांचे शिक्षण मिळवून द्या. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील नवजात शिशू कक्षात आग लागली. तेथे आपल्या मुलींसाठी थांबलेल्या एका पित्याने खिडकी फोडून आत शिरून इतरांची बाळे बाहेर काढली. त्याच्या स्वतःच्या मुली वाचल्या नाहीत. अशा प्रसंगी मनाचे मोठेपण अल्लाह देतो. पण त्या मनाला सज्ज हातांची जोड देणे हे समाजाचे काम आहे.

इतरांसोबत मिळून

ही कामे केवळ आपल्या जमातीपुरती ठेवू नयेत. प्रेषित्व मिळण्यापूर्वी, तरुण वयात, प्रेषित मुहम्मद (स.) मक्केतील अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी झालेल्या एका करारात सहभागी झाले होते. तो करार ‘हिल्फुल-फुजूल’ या नावाने प्रसिद्ध आहे. एका परदेशी व्यापाऱ्याचे पैसे बुडविले गेले, तेव्हा पीडित कोणीही असो, त्याच्या बाजूने उभे राहण्याची शपथ मक्केतील काही घराण्यांनी घेतली. प्रेषित झाल्यानंतरही त्यांनी सांगितले की, इस्लाममध्येही मला अशा कराराचे बोलावणे आले, तर मी होकार देईन. सूरह अल-माइदाच्या दुसऱ्या आयतमध्ये सत्कर्म आणि ईशभय यांत एकमेकांना साहाय्य करण्याची आज्ञा आहे. गावातील गणेश मंडळ, बुद्ध विहार समिती, महिला बचत गट यांच्यासोबत रक्तदानाचे आणि आगीपासून बचावाचे काम करताना आपल्या श्रद्धेला कोठेही मुरड घालावी लागत नाही.

सेवेचे शिष्टाचार

सेवेचे काम तीन गोष्टींमुळे वाया जाऊ शकते. पहिली गोष्ट म्हणजे देखावा. सूरह अल-बकराच्या २६४ व्या आयतमध्ये उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून आपले दान वाया घालवू नका, अशी ताकीद आहे. दुःखी मातेच्या हाती पिशवी देताना छायाचित्र काढणे हा तिच्या दुःखाचा अपमान आहे. सूरह अद-दहरमध्ये जे भुकेल्यांना जेऊ घालतात आणि त्यांच्याकडून मोबदला वा आभारही इच्छीत नाहीत, त्यांचे कौतुक आहे. दुसरी गोष्ट म्हणजे अधीरता. शोकग्रस्त माणूस आपल्यावर रागावला, दार लावून घेतले, तर वाईट वाटून घेऊ नये. तिसरी गोष्ट म्हणजे सातत्याचा अभाव. अल्लाहला ते कर्म सर्वाधिक प्रिय आहे जे नित्य केले जाते, मग ते थोडे का असेना, ही हदीस आपल्याला ठाऊक आहे. महिन्यातील एक जुमा ठरवा. नमाजनंतरचे दोन तास सेवेसाठी. पाच माणसे पुरेशी आहेत. वर्षभर पाचच राहिली तरी चालेल, परंतु काम थांबू नये.

घरातील लहान मुलांनाही यात सामील करून घ्या. वाटेतील काटा वा दगड बाजूला करणे हेही दान आहे, असे प्रेषितांनी (स.) शिकविले. ज्या मुलाने लहानपणी शेजारच्या घरी डबा पोहोचविला, तो मोठेपणी कोणाच्याही संकटात तटस्थ उभा राहू शकणार नाही.

आज रात्री घरी बोला

हा धडा वाचून बाजूला ठेवू नका. आज इशाच्या नमाजनंतर कुटुंबासोबत बसा आणि या प्रश्नांची उत्तरे शोधा. आपल्या घरात आग लागली तर बाहेर पडण्याच्या वाटा किती आहेत आणि त्या मोकळ्या आहेत का? घरातील प्रत्येकाचा रक्तगट आपल्याला ठाऊक आहे का? गेल्या वर्षभरात आपल्या ओळखीच्या कोणत्या घरी मृत्यू झाला आणि त्या घरी आपण शेवटचे केव्हा गेलो? त्यानंतर झोपण्यापूर्वी गॅसचा रेग्युलेटर बंद करा, अगरबत्ती किंवा मच्छर अगरबत्ती पडद्यापासून दूर आहे का ते पाहा आणि हे करताना मदीनेतील त्या जळालेल्या घराची शिकवण आठवा. सुन्नत समजून केलेली ही कृती इन्शाअल्लाह पुण्याचीच ठरेल.

हे अल्लाह! ज्या माता-पित्यांची कूस आणि मांडी एका रात्रीत रिकामी झाली, त्यांच्या मनाला धीर दे. ज्यांच्या हाती लोकांचे प्राण सोपविलेले आहेत, त्यांना आपल्या जबाबदारीची जाणीव दे. आमच्या हातून कोणाची हानी होऊ देऊ नकोस, आमचे हात कोणाच्या तरी उपयोगी पडू देत आणि आमचे थोडेसे कर्म देखाव्यापासून वाचवून आपल्या दरबारी कबूल कर. आमीन.